शिकल किती करावी?

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची म्हणून ओळखली जाणारी तलवार १८ ऑगस्ट २०२५ रोजी लंडनहून मुंबईत आली. एप्रिल २०२५मध्ये सोथबीजच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली होती. तिच्या आगमनाची वर्णने वृत्तपत्रांतून भरभरून आली आणि ते स्वाभाविकही होते. मात्र अशी वस्तू हाती आल्यानंतरचा जो पहिला प्रश्न, तो या उत्साहात मागेच राहतो. ती आहे तशी ठेवायची, की घासूनपुसून पूर्ववत करायची? आणि पूर्ववत म्हणजे तिला नेमक्या कोणत्या 'पूर्वा'कडे न्यायचे?

हा प्रश्न धातुतज्ज्ञांचा आणि वस्तुसंग्रहालयांचा. मराठीच्या अध्यापकाने त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु पुरावशेषांविषयीचा १९७२चा केंद्रीय कायदा उघडून पाहिला तर त्यात तलवार आणि पोथी एकाच व्याख्येत शेजारीशेजारी बसलेल्या दिसतात. किमान १०० वर्षे जुनी वस्तू हा पुरावशेष. वस्तू हस्तलिखित असेल आणि तिला वाङ्मयीन किंवा ऐतिहासिक मोल असेल, तर ७५ वर्षेही पुरतात. जुनी पोथी हाती आली तर तिच्यात काय दुरुस्त करावे आणि कशाला हात लावू नये, याचा विचार मराठीने निदान सव्वाचारशे वर्षे केलेला आहे. तो विचार तलवारीला लावून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न नुसता तात्त्विकही नाही. १९व्या शतकात हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची लष्करी छावणी होती. हिंगोलीचा दसरा आजही दूरवर प्रसिद्ध आहे, आणि पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या आसपासच्या गावांतून देवघरात किंवा माळवदाच्या खोलीत एखादी तलवार सांभाळून असलेली घरे अजून आहेत. खंडेनवमीला ती बाहेर निघते, चिंचेने किंवा लिंबाने घासली जाते, हळदकुंकू लेवून पुन्हा म्यानात जाते. एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवत असताना अशाच एका घरातल्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, आमच्या घरची तलवार पार गंजलीय. थोरला भाऊ म्हणतो, दसऱ्याच्या आत वर्कशॉपमधून बफ मारून आणू, नव्यासारखी होईल. काका म्हणतात, हात लावायचा नाही. मुठीजवळ टिंबाटिंबांची चारसहा अक्षरं आहेत, ती गंजाखाली अर्धी गेलीत. भावाचं म्हणणं, घासली की वाचता येतील. काय करावं?" प्रश्न विषयाला सोडून आहे असे वर्गातल्या काहींना वाटले. मला तो तासाच्या विषयाचा गाभाच वाटला.

भावाच्या मनात 'मूळ तलवार' अशी एक प्रतिमा आहे. वर जमलेली काळाची घाण काढली की आतून ती प्रकट होईल, असा त्याचा विश्वास आहे. हा विश्वास तपासण्यासाठी रघूजींच्या तलवारीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. ती 'फिरंग' जातीची आहे. तिचे सरळ, एकधारी पाते युरोपात घडलेले. मूठ इकडच्या घडणीची, सोन्याच्या कोफ्तगरीने नटलेली. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग' असा लेख. मराठा शस्त्रांवर लेख क्वचितच आढळतो, म्हणून ही अक्षरे अधिकच मोलाची. शिवाय मुठीला हिरव्या कापडाचे वेष्टन. आता यातले मूळ कोणते? कालक्रमाने पहिले ते मूळ म्हणायचे, तर आधी कापड जाईल, मग अक्षरे जातील, मग मूठ जाईल आणि हाती उरेल ते परदेशी कारखान्यातले एक बिनमुठीचे पाते. त्या पात्याला आपण मराठ्यांचे शस्त्र म्हणू शकणार नाही. ते मराठ्यांचे झाले ते नंतरच्या हातांनी. दूरच्या देशातल्या पात्याला इथल्या कारागिराने आपली मूठ बसवली, कोणीतरी त्यावर धन्याचे नाव कोरवून घेतले आणि 'फिरंग' हा परकेपणा सांगणारा शब्दही अभिमानाने त्यातच गोवला. या तलवारीचा इतिहास तिच्या जन्मात जितका आहे, त्याहून अधिक तिच्या वापरात आहे.

म्हणजे मग काहीच काढू नये काय? गंजही इतिहासच म्हणायचा? इथे काकांचे 'हात लावायचा नाही' हे म्हणणेही अपुरे पडते, आणि आपल्या पोथ्यांचा अनुभव कामाला येतो. पोथीत दोन तऱ्हेचे बदल होतात. एक बदल लेखनिकाने केलेला असतो. त्याने शब्द बदलला, समासात टीप लिहिली, चरण गाळला, कधी आपल्या पदरचा घातला. हा पाठभेद. तो चुकीचा असला तरी माणसाचा आहे, कोणत्या तरी वाचनाचा पुरावा आहे. दुसरा बदल कसरीने केलेला असतो. तिने पाडलेल्या भोकाला अर्थ नसतो. ते नुसते भोक. पाठभेद जपायचा आणि कसर मारायची, हा साधा विवेक पोथी हाताळणाऱ्या कोणालाही ठाऊक असतो. तलवारीचेही तेच. बदललेली मूठ, झिजलेली धार, पणजोबांनी गुंडाळलेली तार, कोणा सावकाराने ठोकलेली खूण हे तिचे पाठभेद आहेत. दमट हवेने चढवलेला, खाली धातू खात चाललेला तांबडा, भुसभुशीत गंज ही तिची कसर. पहिल्याला हात लावू नये. दुसऱ्याला थांबवलेच पाहिजे. आणि कसरीने पाडलेले भोक आपल्या कल्पनेतल्या अक्षरांनी बुजवू नये, हा नियमही दोन्हीकडे सारखाच.

लोखंडाचा सगळाच गंज सारखा नसतो, हेही इथे सांगायला हवे. बोटाला लागतो, खाली पूड पडते, तो तांबडा गंज जिवंत असतो. हवेतला ओलावा तो धरून ठेवतो आणि आत उतरत जातो. घामातले मीठ त्याला पोसते, म्हणून जाणकार माणसे जुनी तलवार उघड्या हाताने धरत नाहीत. त्याउलट जुन्या पात्यावर काळपट, घट्ट, गुळगुळीत असा एक थर धरलेला असतो. तो बहुधा स्थिर असतो आणि खालच्या धातूला एक प्रकारे पांघरूणच घालतो. सांभाळणारा माणूस तांबडा काढतो, काळा राहू देतो. तो भिंगाखाली, बांबूच्या वा लाकडाच्या काडीने, मऊ ब्रशने, गरजेपुरत्या स्पिरिटने, एकेका इंचावर काम करतो. मग मेणाचा पातळ हात देतो. मेण पुढे कोणालाही काढता येते. पाते आणि चामड्या-लाकडाचे म्यान वेगळे ठेवतो, कारण म्यानात ओल धरून बसते आणि गंजाची सुरुवात पुष्कळदा तिथेच होते.

वर्कशॉपमध्ये काय होते? बफ आणि पॉलिशपेपर यांना काळा-तांबडा कळत नाही. ते पृष्ठभागच उतरवतात. टिंबांची अक्षरे ठोकून उमटवलेली असतात आणि त्यांची खोली फार नसते. गंजाने त्यांच्या कडा आधीच खाल्लेल्या असतात. वरचा गंज आणि त्याच्याभोवतीचा धातू एकाच वेळी खाली आला की अक्षर 'वाचता' येण्याऐवजी सपाट होऊन जाते. कोफ्तगरीचे तर आणखी नाजूक. लोखंडावर बारीक आडव्यातिडव्या रेघा पाडून त्यांत सोन्याची तार वा पत्रा ठोकून बसवतात. त्याच्या खाली गंज शिरला असेल तर सोने तरंगतच असते, आणि एका घासणीत ते जाते. बफच्या उष्णतेचा आणखी एक परिणाम कोणाच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडच्या मुठी पुष्कळदा आत लाख भरून बसवलेल्या असतात. पाते तापले की लाख सुटते आणि मूठ खिळखिळी होते. मग तिला वेल्डिंगचा टाका किंवा इपॉक्सीचा गोळा लागतो. लाखेचा सांधा पुन्हा तापवून सोडवता येत होता. नवा सांधा मोडल्याशिवाय सुटत नाही. जुन्या कारागिराने पुढच्याला वाट ठेवली होती, ती आपण बंद करतो.

तलवारीच्या 'पाण्या'विषयीही एक गोष्ट. दक्षिणेतले मुशीत वितळवून केलेले पोलाद जगभर नावाजलेले होते. नांदेडपलीकडच्या निजामाबाद भागातले कोनासमुद्रम हे त्याचे एक प्रसिद्ध ठिकाण. त्या पोलादाच्या पात्यावर लाटांसारखी जी नक्षी दिसते, तिला जौहर म्हणतात. ही नक्षी धातूच्या घडणीतच असते, पण ती दिसते ती पृष्ठभागावर केलेल्या संस्कारामुळे. आरशासारखी चकाकी आणली की नक्षी दिसेनाशी होते. आम्लाचा हात देऊन ती पुन्हा दाखवता येते हे खरे. मात्र ते आपण आज केलेले नवे संपादन असते. चकाकीच्या हट्टापायी पाणीदार पात्याचे पाणीच दिसेनासे होते.

इथे शिकलगारांवर अन्याय होऊ नये. अरबी 'सैकल' म्हणजे चकाकी, जिल्हई. त्यावरून आपला शिकल हा शब्द आणि त्यावरून शिकलगार. शस्त्र घासून लखलखीत ठेवणे हा त्यांचा धंदा होता आणि तो योग्यच होता, कारण ते शस्त्र उद्या लढाईला जायचे होते. लढणाऱ्या तलवारीवर गंज हा दोषच. पण तलवारीचे काम बदलले की तिच्या निगेचे शास्त्रही बदलते. घरातली तलवार आता कोणावर चालणार नाही. ती दस्तऐवज झाली आहे, आणि दस्तऐवजाला धार लावायची नसते.

आता पोथ्यांकडे. एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले. पाठांच्या भेसळीने मलिन झालेला ग्रंथ त्यांनी अनेक प्रती पाहून निर्मळ केला, आणि शेवटी हे काम केव्हा व का केले याची नोंद स्वतः करून ठेवली. जीर्णोद्धार करणाऱ्याने आपली सही आणि तारीख ठेवावी, याचा एवढा जुना मराठी दाखला दुसरा मला माहीत नाही. तरीही एक उणीव राहिलीच. त्यांनी जे पाठ नाकारले ते नोंदवले नाहीत. त्या काळी तशी पद्धतच नव्हती. परिणामी सव्वातीनशे वर्षांनी, १९०९मध्ये, इतिहासाचार्य राजवाड्यांना एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापावी लागली, आणि ती खरोखर किती जुनी यावर अभ्यासकांचे वाद झाले. एकनाथांइतका अधिकारी पुरुष आणि त्यांच्याइतकी शुद्ध दृष्टी असतानाही, जे पुसले गेले ते पुढच्यांना शोधत फिरावे लागले. मग वर्कशॉपमधल्या तासाभराच्या कामाचे काय सांगावे?

ही उणीव भरून काढणारी पद्धत पुण्यातच घडली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले; १९२५पासून वि. स. सुकथनकरांनी तिला शिस्त दिली. १९६६मध्ये ती पूर्ण झाली. तिच्या कोणत्याही पानावर वर सिद्ध केलेली संहिता असते आणि खाली, बारीक टाइपात, नाकारलेल्या पाठांची रांग. त्याहूनही महत्त्वाची एक खूण आहे. जिथे संपादकाला आपल्या निवडीची पुरेशी खात्री नाही, तिथे त्या शब्दाखाली नागमोडी रेघ आहे. काय टाकले ते सांगायचे आणि कुठे शंका आहे तेही सांगायचे, एवढीच ही पद्धत. १९६४च्या व्हेनिस सनदेने इमारतींच्या बाबतीत जे म्हटले, की तर्काची सुरुवात होते तिथे पुनःस्थापनेने थांबावे, त्याच्याशी ती जुळते. फरक इतकाच की नागमोडी रेघ थांबण्याऐवजी कबुली देऊन पुढे जाते, कारण ग्रंथ वाचायचा असतो. तलवारीला वाचण्यासाठी पूर्ण करण्याची गरज नसते, म्हणून तिथे थांबणेच बरे.

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप श्रद्धेचा. घरातली तलवार ही वस्तुसंग्रहालयातली वस्तू नव्हे. ती देव्हाऱ्यातली आहे, तिची पूजा होते आणि पूजेत स्वच्छता येतेच. हे मला मान्य आहे. नांदेडच्या हजूर साहिबला दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान होते, गोदावरीचे पाणी आणले जाते आणि तिथली ऐतिहासिक शस्त्रे स्वच्छ केली जातात. ही सेवा त्या शस्त्रांच्या जीवनाचा भाग आहे. तिला 'चूक' म्हणणारा माणूस त्या शस्त्रांना काचेच्या पेटीबाहेर पाहूच शकत नाही. जिथे परंपरा सांभाळणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले आहेत, तिथे आपण बाहेरून शिकवायला जाऊ नये. पण आपल्या घरांतून ती जाण गेली आणि चिंच तेवढी राहिली, ही खरी अडचण आहे. चिंच-लिंबाचे आम्ल गंजाबरोबर थोडा धातूही नेते, आणि धुतल्यावर पाते नीट कोरडे झाले नाही तर आठवड्यात नवा गंज धरतो. पूजेला घासणे आवश्यक नाही. कोरड्या मऊ फडक्याने पुसून, तेलाचा पुसट हात देऊन, कुंकू पात्याऐवजी समोरच्या सुपारीला वाहिले तर खंडेनवमीत काय उणे राहते?

दुसरा आक्षेप अभिमानाचा. पराक्रमी पूर्वजाची तलवार काळवंडलेली पाहून पोरांना काय प्रेरणा मिळणार? या आक्षेपामागे आपली भाषाही उभी आहे. आपल्याकडे डोक्याला गंज चढतो, माणूस बसून गंजतो. गंज म्हणजे आळस, गंज म्हणजे नामुष्की. त्यामुळे काळी तलवार पाहिली की आपल्याला तिच्यात स्वतःची बेपर्वाई दिसते आणि ती घाईने पुसून टाकावीशी वाटते. मला वाटते, लखलखीत तलवार पाहायची असेल तर नवी घडवावी. चांगल्या कारागिराकडून हुबेहूब प्रतिकृती करून घ्यावी, मिरवणुकीत ती न्यावी, पोरांच्या हाती द्यावी. जपानी परंपरा या बाबतीत पाहण्यासारखी आहे. तिथे पाते घासून उजळण्याची कला फार पुढे गेली आहे. पण मुठीत दडणारा पात्याचा जो दांडा, त्याच्यावरचा गंज कोणीही काढत नाही. घडवणाऱ्याची सही तिथेच असते आणि त्या गंजाच्या रंगावरून पात्याचे वय जोखतात. उजळणे आणि न उजळणे यांची सीमा त्यांनी एकाच तलवारीवर आखून ठेवली. चकाकीची हौस आणि पुराव्याची चाड एकत्र नांदू शकतात, एवढे तरी त्यावरून दिसते.

सीमा आखण्याचा नमुना शोधायला आपल्याला दूर जाण्याचेही कारण नाही. सिद्धेश्वरहून जवळच औंढा नागनाथ आहे. मंदिराचा खालचा शिल्पखचित दगडी भाग यादवकालीन. वरचा भाग मोडतोडीनंतरच्या जीर्णोद्धारातला, आणि त्या जीर्णोद्धाराशी परंपरा अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडते. भाविक असो वा अभ्यासक, जुने कुठे संपले आणि नवे कुठे सुरू झाले हे कोणालाही खालून एका नजरेत दिसते. नव्याने जुन्याची नक्कल केली नाही. पूजा अखंड चालू राहिली, मोडल्याची खूणही राहिली. जीर्णोद्धार या शब्दातच जीर्णाचा उद्धार आहे. जीर्णाला नाहीसे करणे त्यात बसत नाही.

त्या विद्यार्थ्याला मी जे सांगितले ते असे. वर्कशॉपला नेऊ नकोस. काकांचे ऐकून तशीच म्यानातही ठेवू नकोस. आधी दिवसाच्या तिरप्या उजेडात, कॅमेरा न हलवता, उजेड चारही बाजूंनी फिरवून अक्षरांचे फोटो काढ. तिरपा उजेड पडला की गंजाखालची टिंबे पुष्कळदा न घासताच दिसतात. शिलालेख वाचणारेही हेच करतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना तलवारीविषयी जे आठवते ते तारखेसह लिहून काढ, मूठ कोणी बदलली, तार कोणी गुंडाळली, सगळे. नंतर सुटा तांबडा गंज तेवढा मऊ ब्रशने झाड, तेही अक्षरांपासून दूर. पाते म्यानाबाहेर, सुती फडक्यात, कोरड्या जागी ठेव. अक्षरांना हात लावायचा तो संवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या माणसानेच लावावा. तसा माणूस मिळेपर्यंत अक्षरे अर्धीच राहू देत. अर्धे अक्षर उद्या कोणी पुरे वाचील. घासून गेलेले अक्षर कोणालाच वाचता येणार नाही.

रघूजींच्या तलवारीबाबतही माझी अपेक्षा याहून वेगळी नाही. तिच्यावर जे काही काम होईल त्याची नोंद व्हावी, कामाआधीची छायाचित्रे अभ्यासकांना खुली असावीत, आणि जिथे तिच्याविषयीचे आपले म्हणणे तर्कावर उभे आहे तिथे शेजारच्या फलकावर ते तसे लिहिलेले असावे. सुकथनकरांच्या नागमोडी रेघेइतकी छोटी खूण पुरेल. तलवार पाहायला येणाऱ्या शाळकरी मुलाने ती रेघ कशासाठी आहे असे विचारले, तर आपल्याला त्याला पाठचिकित्सेचा पहिला धडा तिथेच देता येईल.